क्लबबरोबर पहिल्यांदा ऑफरोडला जाताना

रविवारी सकाळी सहाच्या आत चांदणी चौक ओलांडला तर पौड रस्ता तुमचा. साडेसातला निघालात तर भूगावातच अर्धा तास जातो आणि ऑफरोडिंगची हौस तिथल्या खड्ड्यांवरच भागते. म्हणून आमच्या क्लबची जमायची वेळ पावणेसहाची असते. पावणेसहा म्हणजे पावणेसहा. पुण्यातल्या लग्नाच्या मुहूर्ताला मिळते तशी सवलत इथे नाही.

थार, जिम्नी किंवा गुरखा घेऊन वर्ष होत आलं, फोर व्हीलचा दांडा अजून एकदाही हलवलेला नाही, आणि आता एखाद्या क्लबात ‘पुढच्या ट्रेलला येऊ का’ असं विचारून बसलाय, अशांसाठी हे लिहितोय. मी जुन्या जिप्सीवर शिकलो. पहिल्याच ट्रेलला दांडा मागे ओढून रुबाबात चिखलात घुसलो आणि दहा फुटांवर रुतलो. मागची चाकं गरगर फिरतायत, पुढची ढिम्म. दहा मिनिटं रेस देऊन झाल्यावर एक काका आले, पुढच्या चाकाच्या मधोमध असलेली गोल कळ बोटाने फिरवली आणि विचारलं, “हब कोण लॉक करणार, मी?” त्या जिप्सीत पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात, त्याशिवाय पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद पोचतच नाही. मला ते माहीत होतं, फक्त खाली उतरायचा कंटाळा आला होता. नवीन गाड्यांत ही भानगड नाही, पण खाली उतरायचा कंटाळा मात्र नव्या गाडीतल्या माणसांनाही तेवढाच असतो.

गाडी कुठली चालेल

फोर व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज (वेग कमी, ओढ जास्त देणारे गिअर) असलेली कुठलीही गाडी चालेल. थार, जिम्नी, गुरखा, जिप्सी, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर, लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी जीप, सगळ्या येतात. नुसतं ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलेल्या, लो रेंज नसलेल्या गाड्या सोप्या वाटेवर चालतात, पण आधी मार्शलला, म्हणजे ट्रेल सांभाळणाऱ्या क्लबच्या माणसाला, विचारून या. आणि कृपा करून गाडीत दुसरा दांडा किंवा त्याचं बटण आहे ना हे बघा. २०२३ पासून थार टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. ती घेऊन ट्रेलला आलेले आणि दांडा शोधत बसलेले दोघे मी स्वतः पाहिलेत.

पोटाखालची उंची सगळे विचारतात. थारची २२६ मिलिमीटर, जिम्नीची २१०. पण नवख्याला जास्त नडतं ते पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. थारचं ते २४५० मिलिमीटर आहे, पाच दारांच्या जिम्नीचं २५९०, थार रॉक्सचं २८५०. अंतर जितकं लांब तितकी गाडी उंचवट्यावर पोट टेकवण्याची शक्यता जास्त. पुढची चाकं बांधावरून उतरली, मागची अजून चढायची आहेत आणि मधलं पोट मातीवर बसलंय, अशा अवस्थेत चारही चाकं फिरली तरी गाडी हलत नाही. दाराखाली लोंबणारे फूटस्टेप असतील तर आदल्या दिवशी काढून ठेवा. ट्रेलवर निघाले तर ते वाकडे होऊन निघतात.

पहिल्या दिवसासाठी सामानाची खरेदी करू नका. कंपनीचे टायर चांगल्या स्थितीत असले की पुरे. मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटरवरची चरखी), छतावरच्या दिव्यांची माळ हे सगळं चार ट्रेल झाल्यावर ठरवा, तोपर्यंत यातल्या निम्म्या गोष्टी नको आहेत हे तुमचं तुम्हालाच कळलेलं असतं. पुढच्या लोखंडी बुल बारवर तर केंद्राने २०१७च्या डिसेंबरातच बंदी आणली आहे.

विम्याचा कागद मात्र एकदा वाचा. खाजगी गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेल्या असतात. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसानही साध्या विम्यात बहुधा धरत नाहीत, त्यासाठी वेगळा रायडर (विम्याला जोडायचं जादा संरक्षण) घ्यावा लागतो.

आदल्या दिवशी

इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बघा. बॅटरीची पट्टी हाताने हलवून बघा. सैल असेल तर पहिल्याच खड्ड्यात गाडी बंद पडते आणि सगळे इंजिन उघडून बसतात. चाकांचे नट पान्याने तपासा. स्टेपनीत हवा भरा, आणि जॅक तुमच्या गाडीच्या खाली नेमका कुठे लावायचा ते घरीच करून बघा.

मग गाडी सोसायटीबाहेरच्या एखाद्या मातीच्या मोकळ्या जागेत न्या आणि फोर व्हील लावून पन्नास-शंभर मीटर चालवा. वर्षभर न वापरलेली यंत्रणा कधीकधी अडून बसते, ते शनिवारी कळलेलं बरं. आधी फोर हाय, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या वेगाच्या गिअरवर, लावा. मग गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये घ्या आणि फोर लो, म्हणजे चारही चाकं लो रेंजवर, लावा. कुठली गाडी चालताना कुठपर्यंत दांडा बदलू देते हे प्रत्येकीचं वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे, ते वाचा. हे डांबरावर मात्र करू नका. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, आणि आपल्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, त्यांना एकत्र जखडून ठेवते. मातीवर चाक थोडं घसरतं आणि तो ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटत नाही, शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि गाडी कुणी मागून ओढून धरल्यासारखी चालते.

गाडीतलं सगळं बांधून ठेवा किंवा काढून टाका. डॅशबोर्डवरचा गणपती चिकटवलेला असेल तर ठीक, सुटा असेल तर त्याला त्या दिवशी घरी ठेवा. स्टीलची पाण्याची बाटली चढावर मागून येऊन डोक्यात बसते, हा क्लबमधल्या एकाच्या कपाळावरचा पुरावा आहे. घ्यायचं काय? माणशी तीन-चार लिटर पाणी, टोपी, घोटा झाकणारे बूट, कपड्यांचा एक जोड, प्रथमोपचाराची पेटी, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा अग्निशामक, ट्यूबलेस पंक्चरचा किट, हवा मोजायचा गेज, टाकी भरून इंधन. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर असला तर उत्तम, नसला तर ताफ्यात कुणाचा तरी असतोच.

सोबत कोण आणायचं हेही आदल्या दिवशीच ठरवा. तान्ही बाळं, गरोदर बाई, पाठीच्या मणक्याचा त्रास असलेले आजोबा यांना घरी राहू द्या. गाडी हळू चालते म्हणून धक्के कमी बसतात असं मुळीच नाही.

सकाळचं ब्रीफिंग

मिसळ खाऊन सगळे सुस्तावायच्या आत मार्शल ब्रीफिंग उरकतात. आमच्याकडे हे काम एक ताई करतात. आवाज बारीक, पण पंधरा गाड्यांचे मालक शाळेतल्यासारखे ऐकत उभे असतात. त्या सांगतात ते थोडक्यात असं.

ताफ्यात सर्वात पुढे लीड, सर्वात मागे स्वीप. दोघेही अनुभवी, दोघांकडे वॉकी-टॉकी. नवीन गाड्या मधे, दोन जुन्यांच्या बेचक्यात. मागची गाडी आरशात दिसत राहिली पाहिजे, ही जबाबदारी पुढच्याची. वळणावर मागचा दिसेनासा झाला तर तिथेच थांबा. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, त्याच्या पुढचाही, आणि बघता बघता सगळा ताफा आपोआप थांबतो. मोबाइलवर विसंबू नका, ताम्हिणीच्या बाजूला रेंज हा नशिबाचा भाग आहे.

अडथळ्यावर एका वेळी एकच गाडी. पुढची पूर्ण पार होऊन बाजूला लागेपर्यंत तुम्ही खालीच. चढावर एकाच्या मागे एक चिकटून गेलेल्या दोन गाड्यांपैकी वरची घसरली तर खालचीचं काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

खुणा करणारा माणूसही एकच. पुण्यात चार माणसं उभी असली की पाच मतं येतात. एक म्हणतो डावीकडे काप, दुसरा म्हणतो सरळ घे, तिसरा नुसताच “येऊ दे येऊ दे” ओरडतो. तुम्ही फक्त स्पॉटरकडे बघा. तो दिसेनासा झाला तर थांबा. बाकीचे काहीही ओरडोत, “थांब” हा शब्द मात्र कुणीही म्हटला तरी थांबायचं.

सीटबेल्ट कायम. खिडक्या खाली, म्हणजे स्पॉटरचं ऐकू येतं. पण हात, कोपर, बोटं आत. छताचा खांब बाहेरून धरून बसायची सवय अनेकांना असते. गाडी कुशीवर पडली तर पहिली चिरडतात ती हीच बोटं. आणि स्टिअरिंगवरचे अंगठे आत गुंतवू नका, बाहेरच्या कडेवर ठेवा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि आतला अंगठा पिरगळतो.

दारू पिऊन आलेल्याला परत पाठवतात. आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरीही. यावर चर्चा होत नाही.

टायरची हवा

डांबर संपलं की सगळ्या गाड्या ओळीने थांबतात आणि फुस्स असा आवाज सुरू होतो. नवख्याला वाटतं हे शोभेचं काम आहे. पण दिवसभरात तुम्ही जे काही कराल त्यात सर्वात जास्त फरक हे पाच मिनिटांचं काम पाडतं.

रस्त्यावर ३०-३२ पीएसआय असेल तर मातीवर आणि दगडांवर २०, फार तर १८ पर्यंत आणा. हवा कमी झाली की टायरचा जमिनीवर टेकणारा पट्टा लांब होतो, गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं आणि टायर दगडाला कवेत घेतो. घट्ट टायर त्याच दगडावरून चेंडूसारखा उसळतो, आणि चाक हवेत असलं की पकड शून्य. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निघून येऊ शकतो. मऊ टायरची बाजूची भिंत फुगून बाहेर येते, म्हणून धारदार कातळाच्या कडेला चाक घासू देऊ नका. तिथे पडलेली चीर पंक्चर किटने भरत नाही.

परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची. १८ वर ऐंशीच्या वेगाने गेलात तर टायर तापून फुटू शकतो.

चढ आणि उतार

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी-मावळात तांबडी माती आणि मुरूम, मधेच उघडा कातळ. पूर्वेला सासवड-सुप्याकडे गेलं की काळी माती आणि माळ. मुरमावर चाक पकडतं, पण बारीक खडी गोळ्यांसारखी घरंगळते. काळी माती कोरडी असताना सिमेंटच, आणि एक सर पडली की टायरच्या खाचा भरून चाकाचा गुळगुळीत गोळा करते. म्हणजे ‘चढ कसा चढायचा’ याचं उत्तर आधी पायाखाली काय आहे त्यावर ठरतं, आणि ते गाडीतून दिसत नाही. उतरा, चालत वर जा. वर पोचल्यावर पलीकडे काय आहे, कुठे वळायचं आहे, कुठे चर आहे, सगळं बघून या. चालताना तुम्ही घसरलात तर गाडीही घसरणार.

चढ नेहमी सरळ घ्यायचा, तिरका नाही. फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, खालूनच गिअर ठरवून निघायचं आणि मधे बदलायचा नाही. रेस एकसारखी. लो रेंजमध्ये गाडीचा वेग दोन-अडीच पटीने उतरतो आणि तेवढीच ओढ वाढते, त्यामुळे पिळून काढायची गरज नसते. नवखे दोन चुका करतात: घाबरून मधेच रेस सोडतात, किंवा शर्यत असल्यासारखे उडत जातात.

चढ जमला नाही तर काय करायचं, हे मी चढण्याच्या आधी शिकवतो. गाडी अडली की ब्रेक गच्च. हँडब्रेकही ओढा. घाबरून न्यूट्रल करू नका आणि क्लच दाबून गाडी मागे घरंगळू देऊ नका, ती तुमच्या हातात राहत नाही. वळवायचा प्रयत्न तर अजिबात नको. आडवी झालेली गाडी लोळते. फोर लोमध्येच रिव्हर्स टाका, चाकं सरळ आहेत ना हे खिडकीतून बघा, क्लच पूर्ण सोडा, ब्रेक हळूहळू ढिला करा आणि इंजिनाच्या लगामावर जशी वर आलात तशी सरळ मागे उतरा. दोनदा मुद्दाम छोट्या चढावर हे करून बघा, मग मोठ्याची भीती उरत नाही.

उतार जास्त घाबरवतो, कारण समोर फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. गेल्या डिसेंबरात एक मुलगा नवी मॅन्युअल थार घेऊन आला होता. तांबड्या मातीचा उतार, तीन मजली इमारतीइतका. तो माथ्यावर आला आणि त्याचा डावा पाय क्लचवर असा बसला की सुटेना. गाडी सुटून दोन हात खाली गेली, त्याने ब्रेक मारला, चारही चाकं जाम झाली आणि गाडी तशीच सरकली. मार्शल ताई शांतपणे खिडकीशी आल्या. म्हणाल्या, “दादा, डावा पाय उचल आणि सीटजवळ ओढून घे. हां. आता तो पाय आपला नाही. पहिला गिअर आहे ना? ब्रेक सोड.” त्याने ब्रेक सोडला. गाडी गुरगुरत, मुंगीच्या पावलांनी खाली निघाली. निम्म्यावर आल्यावर त्याचं तोंड उघडं पडलं होतं, कारण गाडी आपली आपण उतरत होती. उतारावर तुमचा खरा ब्रेक इंजिन असतो. क्लच दाबला की तुम्ही तोच कापून टाकता.

गाडीचं बूड बाजूला सरकायला लागलं तर ब्रेक दाबावासा वाटतो. तेव्हाच ब्रेक सोडून रेसला अगदी हलका स्पर्श करायचा. चाकं फिरायला लागली की गाडी सरळ होते. मनाला हे पटत नाही, आणि म्हणूनच मोकळ्या जागी शिकून घ्यावं लागतं.

चाक हवेत गेलं

चर तिरका कापताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक लटकतं, आणि फोर बाय फोर असूनही गाडी जागच्या जागी. मग नवे लोक हताशपणे विचारतात, चारही चाकांना ताकद असते ना? असते, पण डाव्या-उजव्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, आहे. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही तितकाच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गुरख्यात पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरन्शिअल लॉक करता येतं, ती दात दाखवत निघून जाते. जिम्नीत आणि थारमध्ये संगणक फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. त्याला काम करायला तुम्ही रेस सोडता कामा नये, स्थिर धरायची. टकटक आवाज येईल, येऊ द्या. यातलं काहीच नसेल तर रेसबरोबर डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून बघा. तेही नसेल जमत तर खाली उतरून लटकलेल्या चाकाखाली दगड रचा. जिप्सीवाले आम्ही आयुष्यभर दगडच रचत आलोय.

पाणी

ओढ्यात उतरण्याआधी कुणीतरी चालत पार झालेलं असलं पाहिजे. काठी घेऊन, तळाशी दगड आहेत की गाळ, खड्डा कुठे आहे हे बघत. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, पण तो आकडा स्थिर पाण्याचा आणि सपाट तळाचा. वाहत्या पाण्यात गुडघ्याइतकं पाणीही गाडीला बाजूने ढकलत नेऊ शकतं. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा चढतो. गढूळ, वेगाने वाहणारं पाणी दिसलं की गाडी वळवायची. त्या दिवशीची भजी पलीकडच्या ऐवजी अलीकडच्या टपरीवर खाल्ली तर काही बिघडत नाही.

उतरायचंच असेल तर फोर लो, दुसरा गिअर, चालण्याच्या वेगाने, बंपरपुढे छोटी लाट तयार होईल इतपत. मधे थांबायचं नाही, क्लच दाबायचा नाही. पाणी उडवत जोरात गेलं की फोटो छान येतो आणि पाणी एअर फिल्टरमध्ये जातं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, मग बघा. बाहेर आल्यावर दोन-चारदा हळू ब्रेक मारून ते वाळवा.

अडकल्यावर

अडकणं हा दिवसाचा भागच आहे, त्यात लाज नाही. लाज आहे ती रेस देत राहून चाकाने स्वतःची कबर खणण्यात. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा. फावड्याने चाकांपुढची माती काढा, पोट टेकलंय का वाकून बघा, हवा आणखी दोन पीएसआय कमी करा. निम्म्या गाड्या दोरी न लावता निघतात.

दोरी लावायची वेळ आली तर सूत्रं एकाच माणसाकडे. इथे मी गंभीर आहे, कारण आख्ख्या दिवसात जीव जाण्याची शक्यता सर्वात जास्त इथेच असते. ओढायचं फक्त चेसिसला बोल्ट केलेल्या, त्या कामासाठी बनवलेल्या हुकातून. कंटेनरवर गाडी बांधायला दिलेली बारीक कडी त्यासाठी नाही, आणि मागचा ट्रेलर लावायचा गोळा तर मुळीच नाही. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. शॅकलवर, म्हणजे दोर हुकाला जोडायच्या लोखंडी कडीवर, किती टन वजन पेलेल ते कोरलेलं असतं. पाऊण इंची बो शॅकलवर ४.७५ टन असतं. काही न लिहिलेलं, हार्डवेअरच्या दुकानातलं शॅकल वापरू नका. रबरासारखा ताणणारा कायनेटिक दोर झटक्याने ओढायला, न ताणणारा पट्टा सावकाश ओढायला. दोन्हींची अदलाबदल नाही. दोरावर मधोमध जाड गोधडी किंवा भिजलेलं पोतं टाका, म्हणजे तुटला तरी जमिनीकडे जातो. आणि बघे? दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. व्हिडिओ काढणारेसुद्धा.

ज्यांच्या जमिनीवर आपण आहोत

आपण जिथून जातो ती बहुतेक कुणाची तरी जमीन असते. क्लबने शेतकऱ्याशी आधी बोललेलं असतं, म्हणून ठरलेल्या वाटेवरूनच जायचं. मुळशीत उन्हाळ्यात भातखाचरं रिकामी दिसतात, पण एखाद्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या नीट पसरून ठेवलेल्या असतात. तो कचरा नाही, राब आहे. तो भाजून त्यावर जूनमध्ये रोपं टाकायची असतात. त्यावरून एक गाडी गेली की एका घराचं कितीतरी दिवसांचं काम पसरतं. बांधावरून चाक नेलं तर बांध फुटतो आणि पावसाळ्यात खाचरात पाणी ठरत नाही.

पूर्वेकडचा माळ मोकळा दिसतो, पण त्या गवतात चिंकारा असतो, लांडगा असतो, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. ताम्हिणी किंवा मयूरेश्वर ही अभयारण्यं आहेत, तिथे परवानगीशिवाय शिरणं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कुठलाही क्लब ‘चलता है’ म्हणत तिथे नेत असेल तर तो क्लब सोडा.

मार्च ते मे वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सर आणि त्याच्या पुढचा कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की खाली अडकलेलं गवत पेटतं, आणि त्या दिवसांत वणवा लागायला तेवढं पुरतं.

दुपारचं जेवण आम्ही गावातल्याच एखाद्या घरी सांगून ठेवतो. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, आंबेमोहोराचा भात. पैसे आधीच ठरवून, रोख.

परत आल्यावर

संध्याकाळी हवा भरली, फोर व्हील काढून टू हायवर (नेहमीच्या दोन चाकांवर) आलात, पौड रस्त्याला लागलात आणि साठच्या पुढे स्टिअरिंग थडथडायला लागलं, तर अलाइनमेंट गेली म्हणून लगेच टायरवाल्याकडे धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखल एका जागी वाळून बसलेला असतो आणि चाकाचा तोल बिघडवतो. सर्व्हिसिंग सेंटरला गाडी खालून धुवा, चाकांच्या आतून फवारा मारा, थडथड बहुतेकदा तिथेच थांबते. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मऊ धारेने काढा, जोरात मारलं तर पात्या वाकतात. खोल पाण्यातून गेला असाल तर गॅरेजमध्ये डिफरन्शिअलचं ऑइल बघायला सांगा. दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलंय, बदलून टाका.

पुढचे तीन-चार दिवस सकाळी निघण्याआधी टायरवर नजर टाका. बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि हवा इतकी हळू सोडतो की पत्ता लागत नाही. माझ्या जिप्सीच्या मागच्या डाव्या चाकातला असा काटा बुधवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये सापडला. तो काढायला माझ्या साठ वस्तूंच्या पेटीत काहीही नव्हतं, शेवटी वॉचमनकाकांच्या पकडीने निघाला.